परीक्षा तोंडावर आणि हातात गोष्टीचे पुस्तक



दिवाळी सरली की आमच्या आर्वीत घरोघरी दोनच विषय निघतात. कापसाला भाव काय लागला आणि पोरांच्या परीक्षा कधी लागल्या. पूर्वी कॉलेजची परीक्षा वर्षाकाठी एकदा, भर उन्हाळ्यात व्हायची. आता सेमिस्टर आले. दर सहा महिन्यांनी परीक्षा, मधल्या काळात असाइनमेंट, प्रोजेक्ट, इंटर्नल आणि हजेरी. एका परीक्षेतून पोर मान वर काढते न काढते तोच दुसरी दारात उभी. ज्यांच्या घरी आई-बाप शिकलेले आहेत त्यांना हे गणित कळते. ज्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पोरगी पहिलीच आहे, तिथे सारेच गांगरलेले असतात.

असेच एक गृहस्थ मागच्या पंधरवड्यात माझ्या दारी आले. कापसाच्या बाजारात हमाली करतात. अंगावरच्या सदऱ्याला अजून कापसाचे पुंजके चिकटलेले. बसा म्हटले तरी बसेनात.

“बाई, पोट्टी बिघडून रायली.”

माझ्या काळजात धस्स झाले. तरणीताठी लेक, बाप असे म्हणतो म्हटल्यावर मनात नाही नाही ते येते. मी विचारले, “झालं तरी काय?”

“रात्रीले बारा-बारा वाजेलोक वाचत बसते.”

“अहो, मग हे तर चांगलंच आहे!”

“कॉलेजचं वाचते तर कोन बोलते? राक्षसाच्या, माकडाच्या, राजा-रानीच्या गोष्टी वाचते. काल तिच्या पिशवीत महाभारत सापडलं. आमच्या घरात, बाई! माह्या बापानं छप्पन साली नागपुरात जाऊन दीक्षा घेतली. आला तसा घरातले सारे देव नदीत सोडले. आन् हे पोट्टी तेच मांघच्या दारानं घरात आनून रायली. वरून इंग्रजीची बॅक लागली हाये. तुमी तिले समजवा, नाही तं मी सारे पुस्तकं चुलीत घालतो.”

त्या माणसाच्या बोलण्यात दोन गाठी होत्या आणि त्या एकमेकींत गुंतल्या होत्या. एक गाठ वेळेची. परीक्षेला अठरा दिवस उरले असताना पोरीने गोष्टी वाचाव्यात की नाही? दुसरी गाठ त्याहून घट्ट. जी पुराणे आपण टाकून दिली ती आपल्या लेकरांनी पुन्हा वाचावीत की नाही? मी म्हटले, चुलीचे नंतर बघू. संध्याकाळी येते.

घर दोन खोल्यांचे. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. आई कापूस वेचून नुकतीच आलेली, बोटांना बोंडांचे ओरखडे. खाटेवर आजी. गेल्या वर्षी तिला लकवा मारला, तेव्हापासून बोलणे अडखळते आणि आठवण तुटते. पोरगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मला पाहताच तिने पुस्तके ओढणीखाली झाकली. मी म्हटले, “झाकू नको, दाखव.”

धर्मानंद कोसंबींच्या जातककथा होत्या. दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेल्या ‘सिद्धार्थ जातका’च्या सात खंडांपैकी एक होता. ही दोन्ही विहारातल्या वाचनालयाची. तिसरे ते महाभारत, रद्दीवाल्याकडून वीस रुपयांना घेतलेले, पुठ्ठा उडालेले.

“परीक्षा जवळ आली असताना हे का वाचतेस?” मी विचारले.

ती खाली मान घालून म्हणाली, “बाई, आजी लहानपनी मले रोज गोष्ट सांगे. आता ते अर्धी सांगते आन् थांबते. पुढचं तिले आठवत नाई. मी पुस्तकात पुढचं शोधतो.”

माझ्याजवळ बोलायला शब्द राहिला नाही. बापानेही हे पहिल्यांदाच ऐकले असावे.

मग ती मोकळी झाली. आजीच्या कितीतरी गोष्टी जातकात सापडल्या म्हणाली. माकडाचे काळीज खायला निघालेली मगर, बडबडीपायी आकाशातून खाली पडलेले कासव, वाघा-सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव. या गोष्टी आपण पंचतंत्रातल्या समजतो, कोणी इसापाच्या म्हणतो. त्या जातकातही आहेत. पाली संग्रहात ५४७ जातके आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवर त्यांतली कितीतरी रंगवलेली आहेत. सतराव्या लेण्यात सहा सुळ्यांचा छद्दंत हत्ती आहे, सर्वस्व देऊन टाकणारा वेस्संतर आहे. म्हणजे अक्षर न शिकलेली आमची आजी जी गोष्ट आर्वीत खाटेवर बसून सांगत होती, तिच्या बहिणी अजिंठ्याच्या दगडावर दीड हजार वर्षांपासून उभ्या आहेत.

भोपळ्यात बसून घरी परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मात्र तिला जातकात सापडली नाही. ती आजी अजून पुरी सांगते. मी आजीला विचारले, ही एवढी पक्की कशी लक्षात राहिली? आजी अडखळत म्हणाली, “उपाशी रात्री हेच सांगो आमी. म्हातारी लेकीच्या घरी जाते ना, चार दिवस पोटभर जेवते ना, थेच ऐकाले पोट्टे जागे राहात.”

इतकी वर्षे मी ही गोष्ट शाळेत मुलांना हसवण्यासाठी सांगितली. ती भुकेची गोष्ट आहे हे मला त्या खाटेपाशी कळले.

पण महाभारताचे काय? बाप अजून दाराला टेकून उभाच होता. पोरगी त्याला म्हणाली, “बाबा, एक गोष्ट ऐका. मंग फाडाचं तं फाडा.”

आपल्या वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात केळझर आहे. जुनी माणसे सांगतात, केळझर म्हणजेच एकचक्रानगरी, जिथे बकासुराला रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यावा लागे आणि शेवटी भीमाने त्याला मारले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पोरगी त्याच्या आधीची गोष्ट सांगू लागली. पांडव एकचक्रेला आले कुठून? तर लाखेच्या घरातून निसटून. त्या घराला आग लावण्याच्या रात्री कुंतीने जेवण घातले होते. जेवायला एक निषाद बाई आली, आपले पाच पोरगे घेऊन. पोटभर जेवली, प्याली आणि तिथेच लेकरांसह झोपली. रात्री भीमाने घर पेटवले. पांडव भुयारातून निघून गेले. सकाळी लोकांना राखेत सहा देह सापडले. एक बाई आणि पाच पुरुष. लोक समजले, कुंती आणि पांडव जळाले. त्या सहा जणांच्या मरणावर पांडव जगले.

“शाळेत आमाले भुयार शिकोलं, बाबा. हे सहा जन कोनी सांगतलेच नाई.”

बाप कितीतरी वेळ गप्प उभा. मग त्याने विचारले, “त्या बाईचं नाव काय होतं?”

“नाव नाई देल्लं पुस्तकात.”

बाप खाली बसला. पुस्तक चुलीत घालण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

वाचकहो, पोथीपुढे हात जोडून बसणे ही एक गोष्ट आणि पोथी हातात घेऊन ती तपासणे ही अगदी दुसरी. पहिली आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी सोडली, कायमची सोडली. दुसरी सोडून कशी चालेल? महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली. त्यात त्यांनी वामन-बळीची तीच जुनी कथा घेतली आणि बळीच्या बाजूने उलगडून दाखवली. कथा वाचली नसती तर उलगडणार काय होते? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. तरी पुढे त्यांनी ते सारे ग्रंथ मिळवले, वाचले आणि त्यांतली कोडी मांडली. ते लिखाण महाराष्ट्र शासनाने १९८७ साली खंड चौथा म्हणून छापले तेव्हा केवढे वादळ उठले, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

त्याहूनही जवळची गोष्ट सांगते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या घरची आठवण सांगितली आहे. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. ते मुलांना रोज रामायण-महाभारत वाचायला लावीत. भीमरावांनी विचारले, हे आम्ही का वाचायचे? रामजींचे उत्तर असे होते की आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण, कर्ण, वाल्मीकी लहान स्थितीतून केवढे मोठे झाले ते पाहा. मुलाला हे पटले नाही. या ग्रंथांतले एकही पात्र आपल्याला आवडत नाही, भीष्म-द्रोण नाहीत, कृष्ण नाही, रामही नाही, असे त्याने वडिलांना स्पष्ट सांगितले. सुभेदार गप्प राहिले. त्यांनी मुलावर हात उगारला नाही की पुस्तक हिसकले नाही. पुढे परीक्षा पास झाल्याबद्दलच्या सभेत केळुसकर गुरुजींनी भीमरावांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. ते वाचून मुलाने वडिलांना पुन्हा प्रश्न केला, तुम्ही आम्हाला बौद्ध साहित्य का दाखवले नाही?

पाहा, सारे त्या घरातच घडले. बापाने वाचायला लावले, मुलाने वाचून नाकारले, मग दुसरे वाचले आणि ते आयुष्यभर धरून ठेवले. वाचू दिले म्हणून तुलना करता आली. तुलना करता आली म्हणून निवड करता आली.

आमच्या जिल्ह्यातल्याच दोन खुणा या पोरीने मला दाखवल्या. आमच्या गावाचे जुने नाव आर्वी तेलंगराव. ज्या तेलंगरावांनी गाव वसवले असे सांगतात, त्यांना हिंदू ब्राह्मण म्हणत आणि मुसलमान आपल्यातले म्हणत. दोघेही एकाच समाधीला मानतात, असे इंग्रजांच्या काळच्या गॅझेटिअरात नोंदलेले आहे. एकच माणूस, दोन गोष्टी, आणि गाव दोघांचे. दुसरी खूण समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडची. तिथे शेख फरीदांच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. गोष्ट अशी की दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टवाळी केली आणि त्यांचा नारळ-सुपारीचा माल दगड होऊन पडला. भूगोल सांगतो की आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या पोकळ्यांत पाण्याने आणलेली खनिजे साचतात आणि असे गोटे तयार होतात. गोष्ट ऐकली की दगड का झाला हा प्रश्न पडतो. भूगोल वाचला की उत्तर मिळते. दोन्ही एकाच पोरीला ठाऊक असले तर काय बिघडले?

आता पहिल्या गाठीकडे येऊ. कारण एवढे सारे खरे असले तरी परीक्षा परीक्षा असते. बॅक वाढल्या, वर्ष राहिले, तर शिष्यवृत्तीही अडते. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकच्या पुढची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. ती वाया घालवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मी पोरीला हे स्पष्ट सांगितले. गोष्टीपायी अभ्यास बुडाला तर उद्या गोष्टीही सुटतील आणि कापूस वेचायला आईच्या मागे जावे लागेल.

ती म्हणाली, “बाई, पन अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं का डोळे मिटते. गोष्टीचं उघडलं का झोप उडते. मी काय करू?”

हा प्रश्न कित्येक घरांतल्या मुलांचा आहे, म्हणून त्या संध्याकाळी आम्ही मिळून काय ठरवले ते इथे देते.

पहिले असे की असाइनमेंट आधी. तीन राहिल्या होत्या. बोरीची हाताला येणारी बोरे आधी तोडावी, शेंड्याची मागून. असाइनमेंटचे आणि इंटर्नलचे गुण हे हाताला येणारे गुण आहेत. वेळेवर वही दिली नाही म्हणून ते गमावणारी मुले मी दरवर्षी पाहते. चार दिवसांत तिन्ही वह्या पूर्ण करायच्या आणि तोवर गोष्टीचे पान उघडायचे नाही, असे तिने कबूल केले.

दुसरे झोपेचे. रात्री बारापर्यंत दिवा जाळून अर्धवट झोपेत वाचलेले डोक्यात टिकत नाही. बाबासाहेबांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत असे. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे की रामजी मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवीत. पुस्तकाला पैसे नसले तर लेकीकडे जाऊन उसने आणीत, नाहीतर तिचा दागिना गहाण ठेवीत. मी त्या हमाल बापाकडे पाहून म्हटले, “दादा, पोरगी बिघडली म्हणता. सुभेदार जागत होते. तुम्ही किती वाजता उठता?” तो म्हणाला, “चारले. बाजारात जा लागते.” “मग चारला तिलाही उठवा, आणि ती पुस्तक घेऊन बसल्याचे पाहून मगच घराबाहेर पडा.” त्याने मान हलवली. पहाटेचे पाणी भरणे पोरीच्या वाट्याला होते, ते परीक्षा होईपर्यंत आईने आणि धाकट्या भावाने वाटून घेतले. लेकीचा अभ्यास म्हणजे घरातल्या सर्वांनी थोडे थोडे काम उचलणे. नुसते “अभ्यास कर” म्हणून ओरडल्याने तो होत नाही.

तिसरे पाठांतराचे, आणि ते मी आजीकडून शिकले. आजीने एकही गोष्ट कधी लिहिली नाही. तरी साठ-सत्तर वर्षे गोष्टी टिकल्या, कारण ती त्या सांगत राहिली. बुद्धवचनही असेच टिकले. लेखी होण्यापूर्वी शेकडो वर्षे ‘भाणक’ भिक्षूंनी ते तोंडाने सांगत सांभाळले. मग अर्थशास्त्राचे उत्तर दहा वेळा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून ते एकदा आजीला सांगायचे. जिथे अडखळले तिथे उघडून पाहायचे आणि पुन्हा सांगायचे. आजीला मागणी-पुरवठा कळो न कळो, ती “हं” म्हणेल. सांगणाऱ्याला हुंकार देणारे कोणीतरी लागते.

उत्तर कसे बांधायचे हेही जातकच शिकवते. प्रत्येक जातकात आधी आजचा प्रसंग येतो, त्यावरून पूर्वीची कथा निघते, मध्ये लक्षात राहील अशी गाथा असते आणि शेवटी त्या कथेतला कोण आज कोण आहे याची जोडणी असते. परीक्षेचे उत्तरही असेच लिहावे. प्रश्न काय विचारला आहे ते आधी, मग मुद्द्यांची हकिकत, मध्ये एक पक्की व्याख्या आणि शेवटी प्रश्नाशी जोडून समारोप. पोरगी हसली. म्हणाली, हे तर मला येते.

चौथे इंग्रजीचे, ज्याची बॅक लागली होती. जी गोष्ट मराठीत पाठ आहे ती सोप्या इंग्रजीत वाचायची. मगर कोण आणि माकड कोण हे आधीच ठाऊक असते, म्हणून अडलेल्या शब्दाचा अर्थ अंदाजाने लागतो आणि शब्दकोश दर ओळीला उघडावा लागत नाही. जातकांचे इंग्रजी भाषांतर कॉवेल यांच्या संपादनाखाली केंब्रिजहून १८९५ ते १९०७ या काळात सहा खंडांत निघाले. ते जुने इंग्रजी तिला झेपणार नाही. मुलांसाठी लिहिलेल्या सोप्या जातककथा तिच्यासाठी शोधून दिल्या. रोज एक, फक्त एक.

पाचवे, गोष्टीची वेळ ठरवली. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास. पण एकटीने ओढणीखाली झाकून वाचायचे नाही. मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे वाचायचे. बाप म्हणाला, “मीही ऐकतो मंग. काय वाचते ते तं कळन.”

त्या पहिल्या रात्री मी मुद्दाम थांबले. पोरीने आंब्याचे जातक वाचले. एका चांडाळ गुरूजवळ अवकाळी आंबा पिकवण्याची विद्या असते. एक ब्राह्मण तरुण त्याची सेवा करून ती शिकतो. गुरू बजावतो, कोणी विचारले तर माझे नाव लपवू नको. तरुण राजदरबारी जातो, मान मिळवतो. एके दिवशी राजा विचारतो, ही विद्या कोणाकडून शिकलास? त्याला चांडाळाचे नाव घ्यायची लाज वाटते. तो तक्षशिलेच्या मोठ्या आचार्याचे नाव सांगतो. त्याच क्षणी विद्या त्याला सोडून जाते. झाडापुढे उभा राहतो, मंत्र आठवत नाही.

वाचून संपले तेव्हा आई भांडी घासता घासता थांबली होती. मी पोरीला एवढेच म्हटले, तुझी पहिली गुरू या खाटेवर आहे. उद्या मोठी झालीस, मुलाखतीला बसलीस, तुला वाचायची गोडी कोणी लावली असे कोणी विचारले, तर कोणाचे नाव घेशील? तिने आजीचे हात हातात घेतले. आजीला कळले की नाही, सांगता येत नाही.

हा लेख लिहिते आहे तोवर तिचे दोन पेपर झाले आहेत. इंग्रजीचा अजून व्हायचा आहे. ती पास होईलच असे मी छातीठोक सांगत नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल. तिन्ही असाइनमेंट मात्र वेळेवर दिल्या गेल्या, आणि सकाळी चारला त्या घरात दिवा लागतो, हे मी येता-जाता ऐकते. मधल्या काळात दोन रात्री तिने ठरलेला नियम मोडून उशिरापर्यंत वाचले, हेही तिने स्वतःच येऊन सांगितले. मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चारला उठली होती.

तिने दोनशे पानी वही केली आहे. तीत आजीच्या गोष्टी लिहिते, आजी थांबेल तिथे जागा सोडून. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाच्या घरात ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, आपल्याच बायांनी रचलेल्या आणि गायलेल्या. कोणी ऐकून घेतले, लिहून घेतले, म्हणून त्या राहिल्या. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांकडे अशा किती गोष्टी आहेत! छप्पन सालच्या दीक्षेला कोण कसे गेले, पुलगावची छोटी गाडी तेव्हा चालत होती, बरोबर कोणती भाकर बांधली होती, घरचे देव नदीत सोडताना आजीला रडू आले की नाही. ती छोटी गाडी आता बंद झाली. माणसेही एकेक करून चालली. हे कोणत्याही सेमिस्टरच्या अभ्यासक्रमात येणार नाही. परीक्षा संपल्यावर तरी मुलांच्या हाती एक वही द्या आणि त्यांना आजीच्या खाटेपाशी बसवा.

परवा तो हमाल बाप बाजारात भेटला. पाठीवरचे ओझे उतरवून जवळ आला आणि म्हणाला, “बाई, त्या जळलेल्या बाईची गोष्ट विहारात पोट्ट्यायले सांगाची म्हणतो. रविवारी. पन नाव काय सांगू तिचं?”

मला उत्तर देता आले नाही. आपल्यापैकी कोणाला सुचले तर कळवा.

पुढच्या अंकी भेटू. परीक्षेला बसलेल्या सर्व लेकरांना मंगल कामना. जयभीम.